अगंज पोलादी बंधने, ऐतिहासिक वास्तूंच्या जतनातील

अगंज पोलादी बंधने, ऐतिहासिक वास्तूंच्या जतनातील : प्राचीन मंदिरे, राजवाडे, किल्ले, चर्चवास्तू, स्मारके, पुतळे इत्यादींची दुरुस्ती किंवा पुनर्रचना करताना सुटे झालेले दगड, तडकलेले स्तंभ, निखळलेल्या मूर्ती वा सैल झालेल्या भिंती एकत्र धरून ठेवण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, न गंजणाऱ्या पोलादाच्या पकडी, खुंट्या, सळया, खिळे, बोल्ट, स्क्रू, पट्ट्या व साखळ्या यांना सामान्यपणे ही संज्ञा लावतात. वास्तूच्या एकूण वजनाच्या मानाने या वस्तू अगदी लहान असतात व काम पूर्ण झाल्यावर त्यांपैकी बहुतेक दगडाच्या किंवा चुन्याच्या आत कायमच्या झाकल्या जातात. तथापि दुरुस्ती किती काळ टिकणार आणि मूळ दगड सुरक्षित राहणार की त्याच दुरुस्तीमुळे तो फुटणार, हे पुष्कळदा या बंधनांच्या धातूवरच अवलंबून असते.

पूर्वेतिहास : दगड धातूने बांधण्याची पद्धत प्राचीन आहे. ग्रीक गवंडी एकाच थरातील शेजारशेजारचे दगड इंग्रजी आय अक्षराच्या किंवा तत्सम आकाराच्या लोखंडी पकडींनी जोडत व खालच्या-वरच्या थरांतील दगड उभ्या खुंट्यांनी सांधीत. अथेन्स येथील पार्थेनॉन (इ. स. पू. ४४७–४३२) या मंदिरात पकडीसाठी दगडात खाच कोरून, लोखंड तीत बसवून, सभोवती वितळलेले शिसे ओतलेले आढळते. शिशामुळे दोन गोष्टी साधत : लोखंडापर्यंत पाणी व हवा पोहोचत नसे आणि भूकंपाच्या हादऱ्यात धातू व दगड यांच्यामध्ये एक मऊ थर राही. रोम येथील कलोसियमच्या भिंतींवर आज दिसणारी असंख्य भोके ही मध्ययुगात अशाच लोखंडी पकडी उपसून नेल्याच्या खुणा होत.

भारतात कोणार्क येथील तेराव्या शतकातील सूर्यमंदिरात मोठ्या लोखंडी तुळया वापरण्यात आल्या होत्या. आग्र्याच्या ताजमहालासारख्या मोगल वास्तूंत बाहेरच्या संगमरवरी शिला लोखंडी बंधांनी धरलेल्या आहेत. याउलट महाराष्ट्रातील हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत दगडांना खाचा व कुसे ठेवून ते चुन्याशिवाय एकमेकांत अडकविण्याची पद्धत प्रामुख्याने आढळते. अंबरनाथ येथील शिवमंदिर (शिलालेखानुसार १०६०) किंवा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यांसारख्या वास्तूंचे स्थैर्य मुख्यतः दगडांच्या वजनावर व अचूक घडणीवर अवलंबून आहे. झाडांची मुळे, पाया खचणे किंवा पाण्याचा निचरा न होणे यांमुळे एकदा का अशा वास्तूतील दगड सरकले, म्हणजे मूळ कुसे तुटतात व त्यांची जागा घेण्यासाठी एखाद्या बाह्य बंधनाची गरज निर्माण होते.

लोखंडी बंधनांचा दोष : लोखंड पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या सु. दोन ते सहापट असते. बंधन दगडात घट्ट बसलेले असल्यामुळे वाढीला जागा नसते आणि गंज पाचरीप्रमाणे दगडावर आतून दाब देऊ लागतो. दगड दाब चांगला सहन करतो. परंतु त्याचे ताणबल दाबबलाच्या सु. एक-दशांश किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे खाचेच्या कडेपासून तडा निघतो, त्या तड्यातून आणखी पाणी आत शिरते व गंजण्याचा वेग वाढतो. शेवटी दगडाचा पापुद्रा किंवा कोपरा उडून पडतो. ताजा चुना अल्कधर्मी असल्याने त्यात गाडलेल्या लोखंडाला काही काळ संरक्षण मिळते. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी विक्रिया होऊन चुन्याचा हा गुण कालांतराने नाहीसा होतो. म्हणूनच अनेक दुरुस्त्या सुरुवातीची काही दशके उत्तम वाटतात व नंतर झपाट्याने बिघडतात.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अथेन्सच्या अक्रॉपलिसचे आहे. १८९८ पासून सु. चार दशके निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली तेथील मंदिरांची पुनर्रचना झाली. पडलेले स्तंभ उभे करण्यात आले व तुटलेल्या तुळया जोडण्यात आल्या. या कामात लोखंडाच्या पकडी, सळया व तुळया मोठ्या प्रमाणात वापरल्या गेल्या. मात्र प्राचीन कारागिरांप्रमाणे त्यांना शिशाचे आवरण देण्यात आले नाही. पुढील काही दशकांत हे लोखंड गंजून फुगले व जे संगमरवरी दगड अडीच हजार वर्षे टिकले होते, ते दुरुस्तीमुळेच तडकू लागले. १९७५ मध्ये ग्रीक शासनाने अक्रॉपलिस स्मारकांच्या जतनासाठी तज्ञांची समिती नेमली. त्यानंतर सुरू झालेल्या कामाचा एक मोठा भाग हा बालानोसने बसविलेले लोखंड दगडास इजा न करता काढून टाकणे हाच होता. म्हणजेच एका पिढीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करण्यात पुढील पिढ्यांचे श्रम खर्ची पडले.

अगंज पोलादाचे स्वरूप : शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद तयार केले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियम व निकेल असलेले ऑस्टेनाइटी पोलाद विकसित झाले. पोलादात क्रोमियमाचे प्रमाण सु. १०·५ टक्के किंवा अधिक असल्यास पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा अतिशय पातळ, अदृश्य व चिवट पापुद्रा तयार होतो. तो ओरखडला गेला, तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा बनतो. रंग किंवा जस्ताचा मुलामा हे वरून दिलेले संरक्षण असते व ते एकदा निघाले की संपते. अगंज पोलादाचे संरक्षण मात्र धातूच्या अंगचेच असते. दगडात पुरल्यावर ज्याला पुन्हा रंग देता येणार नाही, अशा वस्तूच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

जतनाच्या कामात पुढील प्रकार मुख्यतः वापरले जातात. (१) प्रकार ३०४ : यात सु. १८ टक्के क्रोमियम व ८ ते १० टक्के निकेल असते. कोरड्या व समुद्रापासून दूरच्या प्रदेशांत तो पुरेसा ठरतो. (२) प्रकार ३१६ : यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल व शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. मॉलिब्डेनमामुळे क्षारांतील क्लोराइडास तो अधिक दाद देत नाही. म्हणून किनारी व औद्योगिक प्रदेशांत तो पसंत करतात. (३) द्विप्रावस्था पोलाद : यात ऑस्टेनाइट व फेराइट या दोन्ही संरचना जवळजवळ समप्रमाणात असतात. त्याचे बल प्रकार ३०४ च्या सु. दुप्पट असते व क्लोराइडास विरोधही जास्त असतो. ज्या भागांचे वितळजोडकाम करावयाचे असेल, त्यांसाठी कार्बनाचे प्रमाण ०·०३ टक्क्यांपेक्षा कमी असलेले ३०४ एल किंवा ३१६ एल हे उपप्रकार घेतात. कार्बन जास्त असल्यास सु. ४५०° ते ८५०° से. तापमानात क्रोमियमाची कार्बाइडे बनून कणांच्या सीमांवरील क्रोमियम कमी होते व तेथून संक्षारण सुरू होते.

आटे पाडलेल्या बंधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत ए२ व ए४ हे गट ठरविलेले असून ते अनुक्रमे ३०४ व ३१६ यांच्याशी जुळतात. पुढील आकडा बलाचा निदर्शक असतो. उदा., ए४–७० या खुणेच्या बोल्टाचे ताणबल दर चौ. मिमी. ला ७०० न्यूटन असते व तो सु. ४५० न्यूटनपर्यंत कायमची लांबी न वाढता भार सहन करतो. अशा १० मिमी. व्यासाच्या एका बोल्टाला सु. २,६०० किग्रॅ. वजनाइतका ओढ सोसवतो. भारतात अशा बंधनांसाठी आयएस १३६७ या मानकाचा चौदावा भाग लागू आहे.

बंधनांचे प्रकार व ती बसविण्याची पद्धत : एकाच थरातील दोन दगड जोडणारी, दोन्ही टोके खाली वळविलेली पट्टी म्हणजे पकड किंवा क्लॅम्प होय. दोन थरांना किंवा तुटलेल्या दगडाच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या सरळ सळईला खुंटी किंवा डॉवेल म्हणतात. मूर्ती व स्तंभ जोडताना वापरावयाच्या सळईवर आटे पाडतात किंवा तिचा पृष्ठभाग खडबडीत करतात, म्हणजे भरणद्रव्याची पकड चांगली बसते. दोन पदरी जाड भिंतीतील पदर एकमेकांपासून सुटू लागल्यास भिंतीतून आरपार छिद्र पाडून त्यात लांब सळई घालतात आणि सभोवती पातळ चुना दाबाने भरतात. भिंतीत पोकळ्या असल्यास सळईभोवती कापडी पिशवी चढवितात. त्यामुळे भरणद्रव्य हवे तेथेच राहते व पिशवी फुगून पोकळीच्या आकाराशी जुळते. विटांच्या भिंतीतील तडे सांधण्यासाठी सांध्यातील चुना काही सेंमी. खोल खरवडून त्यात पिळाच्या आकाराच्या बारीक सळया आडव्या बसवितात व वरून पुन्हा चुना भरतात. घुमट किंवा मनोरे बाहेरच्या बाजूस फाकू लागल्यास त्यांच्याभोवती साखळी वा पट्टा आवळण्यात येतो.

छिद्र पाडताना आघाती यंत्राऐवजी हिऱ्याच्या टोकाचे फिरते यंत्र वापरणे श्रेयस्कर असते. कारण जीर्ण दगड धक्क्याने आतून उकलतो. छिद्रातील भुकटी पूर्णपणे काढणे आवश्यक असते. भरणद्रव्य म्हणून चुना, जलसह चुना किंवा इपॉक्सी रेझीन यांचा उपयोग करतात. रेझिनाची पकड जोरकस असते; परंतु ते पुन्हा काढणे जवळजवळ अशक्य असते व त्यातून दगडातील ओल बाहेर पडू शकत नाही. यामुळे शक्य तेथे चुनाच वापरावा असा संकेत आहे.

अभिकल्पाची तत्त्वे : बंधन जितके बळकट तितके चांगले, असा समज सर्वसाधारणपणे असतो; जतनाच्या कामात तो चुकीचा ठरतो. भूकंपात किंवा पाया खचल्यावर काहीतरी तुटणारच असेल, तर ते बदलता येण्याजोगे बंधन तुटावे, न बदलता येणारा मूळ दगड नव्हे, हे येथील मूलतत्त्व आहे. त्यामुळे बंधनाचा व्यास दगडाच्या बलापेक्षा कमी भारास ते वाकेल अशा बेताने ठरवितात. जांभ्यासारख्या सच्छिद्र व मऊ दगडात बंधन तुटण्यापूर्वी दगडच चुरडून ते उपसून येण्याचा संभव अधिक असतो. अशा ठिकाणी जाड सळई निरुपयोगी ठरते. तिच्याऐवजी अधिक खोलवर जाणाऱ्या बारीक सळया व भार पसरविणाऱ्या रुंद चकत्या वापरतात.

दुसरा प्रश्न उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा आहे. प्रकार ३०४ चे पोलाद दर अंश से. ला लांबीच्या दहा लक्षांश भागांच्या सु. १७ पट प्रसरण पावते. साधे पोलाद सु. १२ पट, द्विप्रावस्था पोलाद सु. १३ पट व ग्रॅनाइटासारखे दगड सु. ८ पट प्रसरण पावतात. दगड व सळई या दोहोंचे तापमान ४०° से. ने वाढल्यास एक मी. लांबीची अगंज सळई ०·६८ मिमी. व तितकाच लांब दगड ०·३२ मिमी. वाढेल. १० सेंमी. लांबीच्या पकडीत हा फरक जेमतेम ०·०४ मिमी. असल्याने तो चुन्याच्या थरात सामावतो. परंतु उन्हात तापणाऱ्या लांब पट्ट्यांच्या बाबतीत तो दुर्लक्षिता येत नाही. अक्रॉपलिसच्या नव्या कामात अगंज पोलादाऐवजी टिटॅनियम निवडण्याचे हे एक प्रमुख कारण होते. टिटॅनियमाचे प्रसरण संगमरवराशी जवळपास जुळते व क्लोराइडाचा त्याच्यावर सहसा परिणाम होत नाही. तथापि ते महाग व घडविण्यास कठीण असल्याने सर्वसामान्य कामांत अगंज पोलादाचाच वापर अधिक होतो.

उल्लेखनीय कामे : लंडन येथील सेंट पॉल कॅथीड्रलच्या (१६७५–१७१०) घुमटाला रचनाकार सर क्रिस्टोफर रेन यांनी लोखंडी साखळी घातली होती. १९२५–३० या काळात झालेल्या दुरुस्तीत घुमटाभोवती अगंज पोलादाची साखळी बसविण्यात आली. या धातूच्या ऐतिहासिक वास्तूंवरील अगदी आरंभीच्या उपयोगांपैकी हा एक होय.

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे (१८८६) तांब्याचे कवच सु. २·४ मिमी. जाडीचे असून ते आतून घडीव लोखंडाच्या सु. १,८०० वाकविलेल्या पट्ट्यांवर तोलले होते. तांबे व लोखंड यांचा संपर्क टाळण्यासाठी त्यांच्यामध्ये लाखेत भिजविलेल्या ॲस्बेस्टसाचा थर घातलेला होता. कालांतराने हा थर नष्ट झाला. भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटल्यामुळे विद्युत् घट तयार होऊन लोखंड वेगाने गंजू लागले. फुगलेल्या पट्ट्यांनी कवचाचे रिव्हेट उपटून काढले. १९८४–८६ मधील जीर्णोद्धारात या पट्ट्यांच्या जागी प्रकार ३१६ एल च्या, मूळ वाकांशी तंतोतंत जुळणाऱ्या पट्ट्या बसविण्यात आल्या व तांबे आणि पोलाद यांच्यामध्ये टेफ्लॉनचा थर देण्यात आला. पुतळ्याचा तोल ढळू नये म्हणून एका वेळी थोड्याच पट्ट्या काढून त्यांच्या जागी नव्या घालण्याची दक्षता घेण्यात आली.

मर्यादा व धोके : ‘अगंज’ हे नाव सापेक्ष अर्थाने घ्यावयास हवे. क्लोराइडाच्या सान्निध्यात संरक्षक पापुद्रा बिंदुमात्र ठिकाणी फुटतो व तेथे धातू सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत खोलवर खाल्ला जातो. चकतीखाली किंवा आट्यांत जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे पापुद्रा पुन्हा बनू शकत नाही व फटीतील संक्षारण होते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील वास्तूंत, विशेषतः समुद्राचे तुषार थेट पोहोचणाऱ्या जलदुर्गांत, हा धोका मोठा असतो. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : पावसाने धुऊन निघणारा भाग तुलनेने सुरक्षित राहतो, तर छज्जाखालील आडोशाच्या भागावर क्षार वर्षानुवर्षे साचत राहिल्याने तेथील बंधने आधी बिघडतात. त्यामुळे झाकलेल्या जागी हलक्या प्रतीचे पोलाद चालेल, हा तर्क किनाऱ्यावर उलटा पडतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे सतत ताणाखाली असलेल्या धातूला क्लोराइडामुळे पडणारे तडे. त्यांत बाहेरून गंज फारसा दिसत नाही व धातू पूर्वसूचनेशिवाय तुटतो. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये एका बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत अगंज पोलादी सळयांना असे तडे गेल्याने कोसळले व १२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ही वास्तू ऐतिहासिक नव्हती. तथापि न दिसणाऱ्या जागी, ओढाखाली व क्लोरीनयुक्त उबदार ओलाव्यात असलेल्या अगंज पोलादावर डोळे झाकून विसंबता येत नाही, हा तिचा धडा जतनाच्या कामासही लागू पडतो.

जुने लोखंड जागेवर ठेवून त्याला अगंज पोलादाचा स्पर्श होऊ दिल्यास ओलाव्यात जुने लोखंड अधिक त्वरेने गंजते. लहान लोखंडी खिळा व मोठी अगंज पट्टी ही जोडी सर्वांत घातक ठरते. कारण मोठ्या पृष्ठभागाचा सर्व परिणाम लहान खिळ्यावर एकवटतो. म्हणून दोहोंमध्ये नायलॉन, टेफ्लॉन यांसारख्या विद्युत् निरोधक द्रव्याची चकती घालतात. साध्या पोलादावर वापरलेली कानस, ब्रश किंवा घासचाक अगंज पोलादावर चालविल्यास लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात व त्यांचे तांबूस डाग दगडावर उतरतात. यास्तव हत्यारे वेगळी ठेवावी लागतात. वितळजोडकामानंतर उमटलेला निळसर-तपकिरी रंग अम्लाने धुऊन काढणे आवश्यक असते. विटांचे बांधकाम स्वच्छ करण्यासाठी काही वेळा वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक अम्ल मात्र या बंधनांस अपायकारक असते. अगंज नट व बोल्ट कोरडे आवळल्यास त्यांचे आटे एकमेकांत कायमचे रुतून बसतात. ते टाळण्यासाठी योग्य वंगण लावतात.

बाजारात मिळणाऱ्या सर्व चकचकीत पोलादाची प्रत सारखी नसते. निकेलाऐवजी मँगॅनीज अधिक घालून केलेले स्वस्त पोलाद भांडी व फर्निचरासाठी चालते, परंतु त्याची संक्षारणविरोधी क्षमता कमी असते व डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. लोहचुंबकाची घरगुती कसोटीही विश्वसनीय नाही. कारण उत्तम प्रतीचे ऑस्टेनाइटी पोलादही थंड अवस्थेत वाकविल्यास काहीसे चुंबकीय बनते व मँगॅनीजयुक्त पोलाद चुंबकाला दाद देईलच असे नाही. कारखान्याचा दाखला व क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेली रासायनिक तपासणी हेच खात्रीचे मार्ग होत.

जतनाचे संकेत : ऐतिहासिक स्मारकांविषयीच्या १९३१ च्या अथेन्स सनदेने आधुनिक साधनांच्या वापरास मान्यता दिली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तीस मर्यादा घातली : पारंपरिक तंत्रे अपुरी ठरली, तरच आधुनिक तंत्र वापरावे व त्याची उपयुक्तता शास्त्रीय माहितीने आणि अनुभवाने सिद्ध झालेली असावी. पडलेल्या वास्तूची पुनर्रचना करताना केवळ मूळचे विखुरलेले भाग पुन्हा जोडावेत आणि सांधणारे द्रव्य नेहमी ओळखू यावे, असेही तिने सांगितले. यानुसार बंधनांची संख्या कमीत कमी ठेवणे, शक्यतो प्राचीन खाचांचाच पुन्हा उपयोग करणे, मूळ दगडात नवे छिद्र अगदी अपरिहार्य असेल तरच पाडणे व बंधन पुढे काढता येईल अशी योजना करणे, हे नियम रूढ झाले आहेत. प्रत्येक बंधनाचे स्थान, लांबी, धातूचा प्रकार, भरणद्रव्य व बसविल्याचे वर्ष यांची नोंद नकाशावर करून ती वास्तूच्या दप्तरात जपून ठेवावयाची असते. कारण काम झाकले गेल्यावर भावी पिढीतील दुरुस्तीकारास आतील रचना कळण्याचे तेच एक साधे साधन उरते.

अगंज पोलादाने बांधलेला दगड टिकतो, तो मूळ दोष दूर झालेला असेल तरच. छतातून झिरपणारे पाणी, पायाचे खचणे किंवा भिंतीत रुजलेली पिंपळाची मुळे तशीच ठेवून केवळ तडे शिवल्यास बंधनाशेजारी नवा तडा पडतो. त्यामुळे तडा वाढतो आहे की स्थिर आहे, हे किमान एक पावसाळा व एक उन्हाळा मोजमापांनी पाहून मगच बंधने बसविण्याचा निर्णय घेणे हितावह ठरते.